सुमीच्या पाठीखालचा हात

निरवांगीच्या आमच्या घरात सकाळ दोन आवाजांनी सुरू व्हायची. एक आवाज नदीवरच्या मोटारीचा. लाइट आली की तो नीरेच्या काठावरून घुमत यायचा आणि मग वांग्यांच्या सरीत पाणी पोचेपर्यंत कानातून जायचा नाही. दुसरा आवाज घरातला, दगडी कुंडीत बदाम घोटल्याचा. माझे वडील, ज्यांना आम्हीच काय, अख्खा गाव तात्या म्हणायचा, एके काळचे नावाजलेले पैलवान. कुस्ती सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. त्यांची मान एका बाजूला कायमची आखडली होती, त्यामुळे कुणी हाक मारली की ते मान वळवत नसत, सगळेच्या सगळे वळत. पण खुराक सुटला नव्हता. फक्त तो आता त्यांच्या पोटात जात नव्हता, माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या पोटात जात होता. दूध, बदाम, खसखस, वर तुपाचा थर. आई चुलीपुढून म्हणायची, "आवो, तिला उड्या शिकवणारं सर म्हणत्यात वजन वाढलं की उडी घटती. आन् तुमी म्हशीगत पाजताय पोरीला." तात्या सोटा न थांबवता म्हणायचे, "सरांना म्हणावं, उपाशी बेडूक किती उडतोय ते एकदा बघा." सुमी अर्धा पेला प्यायची आणि उरलेला गुपचूप माझ्याकडे सरकवायची. माझं वजन वाढायला कुणाचीच हरकत नव्हती.

सुमीचं हे उड्यांचं वेड कडब्याच्या गंजीवरून सुरू झालं. गंजीवर चढायचं आणि पाठमोरी उडी घेऊन खाली पायांवर उभं राहायचं. आईने तिला त्यासाठी झोडपलंसुद्धा होतं. इंदापूरला तालुक्याच्या खेळांमध्ये खो-खोचा सामना संपल्यावर ही मैदानावर एकामागून एक उलट्या उड्या मारत सुटली, तेव्हा पंच म्हणून आलेले बारामतीचे एक शिक्षक ते बघत उभे राहिले. पुढच्या रविवारी ते एसटीने आमच्या दारात. आम्ही त्यांना फक्त सर म्हणायचो. त्यांनी ओसरीवर बसून जिम्नॅस्टिक्स हा शब्द तात्यांना तीनचारदा समजावून सांगितला. तात्यांनी शेवटी विचारलं, "म्हंजी चितपट कवा हुतं?" सर म्हणाले, "चितपट होत नाही, तात्या. आपणच आपल्याशी लढायचं." तात्यांना ते एकदम पटलं. का पटलं, ते मला फार उशिरा कळलं.

बारामतीला रोज जाणं शक्य नव्हतं. रविवारी सरांकडे आणि बाकीचे दिवस घरामागे, असं ठरलं. घरामागे म्हणजे पेरूच्या दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत. सुताराने उडी मारायला बाभळीच्या लाकडाचा घोडा करून दिला, तात्यांनी त्यावर जुन्या गोधड्या गुंडाळून चऱ्हाटाने आवळल्या. उडी घ्यायच्या फळीखाली मोडीत निघालेल्या जीपचे स्प्रिंगचे पाटे बसवले, ती फळी अशी काही उसळायची की पहिल्या दिवशी मी नुसता वर चढलो तर पेरूच्या फांदीला डोकं लागलं. आणि पडायला माती. ही माती साधी नव्हती. गावच्या तालमीत बायका-मुलींनी पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती, पण तालमीची माती बदलायची वेळ आली तेव्हा तात्यांनी जुनी माती ट्रॉलीत भरून घरी आणली. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन पिऊन लोण्यासारखी झालेली तांबडी माती. पारावर कुणीतरी टोमणा मारला, "तात्या, पोरीला तालमीची माती?" तात्या सगळेच्या सगळे त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "माती जुनी हाय, पोरगी नवी हाय. तुला काय पायजे त्यातलं?"

माझं काम हात देण्याचं. सुमी पळत यायची, फळीवर उसळायची, घोड्यावर तळवे टेकून उलटी व्हायची, हवेत स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि मातीत पायांवर उतरायची. ती हवेत असताना तिच्या कमरेखाली माझा तळहात जायचा. उचलायचं नाही, ढकलायचं नाही, नुसता टेकवायचा. सरांनी एकदा दाखवलं आणि मला ते लगेच जमलं. मला लगेच जमलेली ही आयुष्यातली पहिली गोष्ट. तात्यांनी मला लहानपणी तालमीत घातलं होतं आणि वर्षभरात काढूनही घेतलं होतं. काही न बोलता, जशी न लागलेली रोपं उपटतात तसं. त्यामुळे संध्याकाळी टोमॅटोचे क्रेट टेम्पोत चढवून झाले की मी पाय धुऊन पेरूंकडे पळायचो. तिथे माझ्याशिवाय चालत नव्हतं. हे मी आज सरळ लिहून टाकतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे: तिला हाताची गरज होती, त्याहून जास्त मला ती गरज हवी होती. सर म्हणायचे, "दत्ता, आता हळूहळू हात कमी कर." मी हो म्हणायचो आणि कमी करायचो नाही.

सरांच्या घरी एक व्हिडिओ कॅसेट होती. अमेरिकेच्या त्या वेळच्या विजेत्या मुलीची. सर भाड्याने व्हीसीआर आणायचे आणि आम्ही सतरंजीवर दाटीवाटीने बसून बघायचो. ती मुलगी पळायची, उसळायची आणि हवेत अशी थांबायची की वाटायचं कॅसेट अडकली. सुमी ती उडी परत परत मागे घ्यायला लावायची, शेवटी त्या जागी पडद्यावर पांढऱ्या रेघाच यायला लागल्या. एका रविवारी तात्याही आले. मांडी घालून, पुढे वाकून त्यांनी सगळं बघितलं. म्हणाले, "पोरगी अमेरिकेची आसली तरी कंबर पैलवानाची हाय." मग जरा वेळाने म्हणाले, "पर सर, हिच्या जवळ कुणी कसं हुबं न्हाय?" सर म्हणाले, "स्पर्धेत उडीच्या वेळी कुणी हात लावला की उडी शून्य." तात्यांनी मान डोलावता येत नाही म्हणून खांदे डोलावले. मी सुमीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच काहीतरी आलं होतं. आपल्याला घरी न्यायला येणारं माणूस बसस्टँडवर दिसत नाही तेव्हा येतं तसं.

राज्याच्या संघासाठीची निवड बारामतीला होणार होती. ती जवळ आली तसं सरांनी निक्षून सांगितलं, आता हात बंद. त्या संध्याकाळी मी घोड्यापासून लांब, पेरूला टेकून उभा राहिलो. सुमी पळाली, उसळली, तळवे टेकले आणि वर गेल्यावर तिचं अंग कसंतरीच सैल पडलं, जणू मध्येच कुणी दोर सोडला. ती खांद्यावर आपटली. तात्या धावले. त्यांच्या तालमीत एक पद्धत होती: पडलेला पैलवान अंगाची माती झटकायच्या आत परत त्याच जोडीशी भिडला पाहिजे. माती झटकली की भीती अंगात मुरते, असं त्यांचे वस्ताद सांगायचे. "ऊठ. झटकू नगंस. तशीच जा," तात्या म्हणाले. ती तशीच गेली आणि तशीच पडली. तिसऱ्यांदा ती फळीपाशी येऊन थांबली. आई कोयता हातात घेऊन वैरणीतून पळत आली आणि म्हणाली, "बास करा, न्हायतर घोड्याचं जळण करते आत्ता." त्या दिवशी बास झालं.

दुसऱ्या दिवशी वांगी तोडताना सुमी सरीच्या पलीकडून म्हणाली, "दादा, वर गेल्यावर मला जमीन सापडत न्हाय."

"सापडत न्हाय म्हंजी?"

"म्हंजी खाली कुठं हाय तेच कळत न्हाय. तुझा हात लागला की कळायचं, हां, हितं कंबर हाय, म्हंजी तितं माती हाय. आता नुसतं समदं फिरतंय."

"मग तात्यांना सांगू."

"काय सांगशील? पैलवानाला जमीन सापडंना म्हणून?" ती हसली आणि हसताना तिच्या टोपलीतली वांगी सांडली. "त्यांनी हलगीवाल्या नानांना वाजवायला सांगितलंय. गावात समद्यांना बोलावलंय. फेटा काढलाय पेटीतनं. तू सांग जाऊन."

मी गेलो नाही. आम्ही दुसरा मार्ग काढला. तात्या नेहमी घोड्याच्या उजव्या अंगाला बाजेवर बसायचे. त्यांची मान तशीच असायची, त्यामुळे डावीकडचं त्यांना फारसं दिसायचं नाही. मी डावीकडे उभा राहायला लागलो. सुमी वर गेली की माझा हात तिच्या पलीकडच्या अंगाने आत जायचा, क्षणभर टेकायचा आणि परत यायचा. ती पायांवर उतरायची. तात्या बाजेवर थाप मारून म्हणायचे, "बघितलंस? मातीतच जिरली भीती." रात्री जेवताना त्यांनी स्वतःच्या ताटातला तुपाचा गोळा तिच्या भाकरीवर ठेवला. सुमीने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. दोघंही ठेचा जास्तच तिखट झालाय असं दाखवत पाणी पीत राहिलो.

मध्ये एक आजची गोष्ट सांगतो. माझी मुलगी मोबाइलवर सारखं काही ना काही बघत असते. एकदा तिने मला हाक मारून अमेरिकेच्या आताच्या एका विजेत्या मुलीबद्दल दाखवलं. जिंकलेली पदकं वाचून दाखवता दाखवता तिला धाप लागली. मग म्हणाली, "पण बाबा, ही एकदा ऐन स्पर्धेत बाजूला झाली. हवेत गेल्यावर आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. मग नंतर परत आली आणि परत जिंकली." मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, याला काही नाव आहे का? ती म्हणाली, आहे की, आणि तिने सांगितलंही. मी ते लक्षात ठेवलं नाही. माझ्या मनात फक्त एवढंच घोळत राहिलं की जगात ज्याला नाव आहे, त्याला आम्ही दोघांनी वांग्याच्या सरीत तीन वाक्यांत गुंडाळून ठेवलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी शेतात गेलो की उगाच फेऱ्या मारायचो. ठिबकच्या नळ्या नीट असल्या तरी नीट करायचो.

निवडीच्या दिवशी गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बारामतीला गेलं. तात्यांनी गुलाबी फेटा बांधला होता. नाना हलगी शेकायला गोवऱ्यासुद्धा घेऊन आले होते. हॉलच्या दारात त्यांनी त्या पेटवायला काढल्या तेव्हा वॉचमनने हात जोडले. मला सरांनी मदतनीस म्हणून आत घेतलं होतं. गाद्यांच्या कडेला सुमी पायाला पावडर लावत बसली होती. तिच्या अंगावर आईने विणलेला स्वेटर होता. मी तिच्याजवळ बसलो आणि सकाळपासून घोकलेलं वाक्य बोललो, "मी गादीजवळच हुबा हाय. तुला सापडलं न्हाय तर मी हात घालणार."

"मग शून्य."

"शून्य तर शून्य. मान तर शाबूत राहील."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नक्की घालशील?"

"नक्की."

तिचं नाव पुकारल्यावर तिने पंचांना हात वर करून सलामी दिली. त्याबरोबर आमच्या लोकांना वाटलं कुस्ती लागली. हलगी कडाडली, कुणीतरी शिट्टी मारली. सुमी पळाली आणि फळीच्या अलीकडे थांबली. पंचांनी हलगी बंद करायला लावली. घोड्याला हात लागला नव्हता, त्यामुळे आणखी एकदा पळायची मुभा होती. आता हॉलमध्ये इतकी शांतता झाली की नानांनी हलगी मांडीवर ठेवल्याचा आवाज आला. मी गादीच्या डाव्या बाजूला उभा होतो, एक हात पुढे काढून. सुमीने परत सलामी दिली. तिने घोड्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. आणि तेवढ्यात वरच्या बाकांवरून तात्यांचा आवाज आला, "दत्ता! हात मागं घे! पोरीचं शून्य करतोस का काय? हो बाजूला!"

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मी त्या वेळी काय विचार केला, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. विचार केलाच नसेल. त्या आवाजाने बाजूला हो म्हटलं की व्हायचं, एवढंच अंगाला माहीत होतं. मी हात मागे घेतला आणि गादीपासून बाजूला झालो. सुमी तोवर पळत सुटली होती. पळता पळता तिची नजर माझ्या रिकाम्या जागेवर गेली. ती फळीवर आली, पण उसळली नाही. दोन्ही तळवे घोड्यावर टेकवून उभी राहिली, बैलाच्या पाठीवर हात ठेवून कुणी दम खावा तशी. मग वळली, पंचांपुढे नीट उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे हात वर करून सलामी दिली आणि कडेला जाऊन स्वेटर चढवायला लागली. कुणीतरी हसलं.

सर धावत आले. पाठोपाठ तात्या. मला वाटलं, आता ते म्हणणार, ऊठ, झटकू नकोस. सर काही विचारायच्या आत सुमीनेच सांगितलं, "मला वर जमीन सापडत न्हाय, तात्या."

"कवापास्नं?"

"हात सोडला तवापास्नं."

"मग घरी उड्या मारत हुतीस त्या?"

तिने स्वेटरची बाही ओढली. मी म्हणालो, "माझा हात हुता. डावीकडनं."

तात्या सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले. मी मार खायला तयार होतो. मला तो हवाही होता. पण ते परत सुमीकडे वळले. फेटा सोडला आणि त्या गुलाबी कापडाची घडी करून तिच्या उघड्या गुडघ्यांवर टाकली. म्हणाले, "चल. भूक लागली आसंल."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातोहात फिरत होती. गाव जवळ आल्यावर एकाला राहवलं नाही. "तात्या, आपला पैलवान न लढताच परत आला म्हणायचं की."

"व्हय," तात्या म्हणाले. "मला बी एकदा आसंच परत यायचं हुतं. मानंत कळ मारत हुती, वस्तादांना सांगितलं. ते म्हणले, झटकू नगंस, जा तसाच. गेलो. तवापास्नं ही मान अशी हाय." समोर दुसरा कुणी नसलेला खेळ त्यांना का पटला होता, ते मला तेव्हा कळलं. आईलासुद्धा हे माहीत नव्हतं, हे मागाहून कळलं. तात्या पुढे म्हणाले, "नाना, गप का बसलाय? वाजवा की. पोरगी धड पायानं घरी चाललीया." आणि हलगी वाजवतच आमची ट्रॉली निरवांगीत शिरली. लोक दारात आले. त्यांना वाटलं, सुमी जिंकली.

त्यानंतर सुमीने उडी मारली नाही. सर दोनदा येऊन गेले, ती त्यांच्यासाठी चहा करायची आणि आत जायची. तात्या काही दिवस सवयीने बदाम घोटत राहिले, मग तोही आवाज थांबला आणि सकाळी नुसती मोटार ऐकू यायला लागली. तालमीच्या त्या मातीत आईने मेथी टाकली. अशी मेथी आमच्या शेतात आधी कधी आली नव्हती. मला ती खाववत नसे.

सुमीचं सासर बावड्याला. तिथे तिची आणि मेहुण्यांची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. माझ्या मुलीने ते मोबाइलवर दाखवल्यानंतर काही दिवसांनी मी तिकडे गेलो, शेवटी एकदाचं बोलायचं म्हणून. ती शेडनेटखाली मिरचीच्या रोपांचे ट्रे लावत होती. मी मोबाइल पुढे केला. तिने हात पुसून त्या अमेरिकन मुलीची उडी पाहिली, परत मागे घेऊन पाहिली, जशी कॅसेट मागे घ्यायला लावायची तशी. "काय उसळती रं," एवढंच म्हणाली. मग मी बोललो. वचन दिलं होतं आणि ऐन वेळी हात काढला, तू परत आलीही असतीस या मुलीसारखी, एका आवाजापायी मी तुझं सगळं, असं बरंच काही. ती ट्रे लावत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तू घाबरला हुतास का न्हाय त्या दिवशी?"

"व्हय."

"मला दिसत हुतं. घाबरलेल्या माणसाचा हात उशिरा येतो. पर तो हात तितं आसता ना, तर मी उडी मारली आसती. तू बाजूला झालास म्हणून मला थांबता आलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन् काय रं, तवापास्नं तसाच हात पुढं करून हुबा हायस व्हय? अवघडला नसंल का?"

मी हसलो, कारण तिला ते हवं होतं. ती खरं बोलली की मला समजावण्यासाठी बोलली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. समजावणं तिला लहानपणापासून जमतं. अर्धा पेला दूध माझ्याकडे सरकवताना तिला खरंच नको असायचं की मला हवं असायचं, तेही मी कधी विचारलं नाही.

तेवढ्यात तिची धाकटी मुलगी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढली. कठडा वीतभर रुंदीचा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा कोबा. दोन्ही हात पसरून ती चालायला लागली. मी कधी उठलो, कधी तिथे पोचलो, मला कळलं नाही. माझा हात तिच्या कमरेपाशी गेला होता, टेकणार एवढ्यात मागून सुमी म्हणाली, "दादा, हात."

मी तो खाली घेतला. सोपं गेलं नाही. पोरगी कठड्याच्या टोकापर्यंत गेली, तिथे एका पायावर गर्रकन वळली आणि पायाखाली न बघता परत आली. मी तिच्या बरोबरीने खालून चालत होतो, दोन्ही हात पाठीमागे, एकाने दुसरा घट्ट धरून.